‘इतर’ या सदरातला चंद्र

माझं म्हणणं एवढंच होतं की हलिमाचाचींना ईदचा चंद्र दिसावा. यात चुकीचं काय होतं ते मी अजून शोधते आहे.

हलिमाचाची बुरोंडकर आमच्या शेजारच्या दारात राहतात. मूळच्या दापोलीकडच्या. घाटकोपरला येऊन त्यांना आयुष्य झालं, पण बोलण्यातला समुद्र गेलेला नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढत गेल्यामुळे गेली काही वर्षं त्यांचा मुलगा इम्तियाज त्यांना ईदचा चंद्र मोबाईलवर दाखवत असे. कोणीतरी, कुठूनतरी काढलेला फोटो.

“तो चांद नाय, तो फोटो,” चाची म्हणत. “फोटोत काय, मागच्या सालचा पन दाखवशील.”

हा आक्षेप शास्त्रीयदृष्ट्या योग्य होता. इम्तियाजने एकदा खरोखरच मागच्या वर्षीचा दाखवला होता.

थंडीत चाचींच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली आणि त्यांनी जाहीर केलं, “यंदा मी माज्या डोल्यांनी बगनार.” अडचण एकच होती. आमच्या मजल्यावरच्या सगळ्या खिडक्या पूर्वेला आहेत, आणि अमावस्येनंतरची कोर पश्चिमेला दिसते. याबाबतीत कोणाशीही पत्रव्यवहार करून उपयोग नव्हता. गच्चीवर जाणं हाच मार्ग होता, आणि तो मी सुचवला.

इथे माझ्याबद्दल एक सांगायला हवं. मी पदार्थविज्ञान शिकले आणि निवृत्त होईपर्यंत एका प्रयोगशाळेत दुसऱ्यांची उपकरणं तपासत होते. तराजू, तापमापक, दाबमापक. उपकरण खरं बोलतं की नाही याचा दाखला मी देत असे. त्यामुळे मी एखादी गोष्ट ‘नक्की’ म्हटली की लोक ती नक्की मानतात. मीही मानते. यातला दुसरा भाग धोक्याचा आहे.

त्या वर्षी गुढीपाडवा आणि एकोणतिसावा रोजा एकाच रविवारी आले होते. त्या संध्याकाळी चंद्र दिसला तर सोमवारी ईद, नाहीतर तीस रोजे पुरे करायचे. मी गणित मांडलं. आदल्या दिवशी अमावस्या संपत होती. रविवारी सूर्य मावळताना चंद्र क्षितिजाच्या बराच वर असणार होता.

“दिसेल,” मी म्हटलं. “नक्की.”

“हिशेबातला चांद येगला, डोल्यांचा येगला,” चाची म्हणाल्या. “आमच्यात डोल्यांचा चालतो. आनि चांद बगितला की इकडंतिकडं नाय बगायचं. सीधा आपल्या मानसाच्या तोंडाकडं. जसं तोंड दिसेल तसं वरीस जातं.”

“म्हणून म्हणते अम्मी,” त्यांची सून शगुफ्ता आतून म्हणाली, “मोबाईल बघून झाला की तुम्ही थेट टीव्हीकडे बघायचात. सगळं वर्ष मालिकांत गेलं.”

मी गच्चीची किल्ली आणायला गेले.

आमच्या गच्चीला कुलूप आहे. त्याचं मूळ सांडग्यांत आहे. काही वर्षांपूर्वी तळमजल्यावरच्या कुंदाताईंनी वाळत घातलेले सांडगे कबुतरांनी खाल्ले, की दुसऱ्या मजल्यावरच्यांनी खाल्ले, यावर सर्वसाधारण सभा झाली. निकाल लागला नाही, म्हणून कुलूप लागलं. किल्ली सेक्रेटरी श्यामकांत यांच्याकडे असते आणि ती हवी असल्यास अर्ज करावा लागतो. अर्जात कारणांची तीन सदरं आहेत: पाण्याची टाकी, वाळवण आणि इतर.

श्यामकांतांनी माझा अर्ज चष्मा लावून वाचला, मग चष्मा काढून वाचला.

“चंद्रदर्शन,” ते म्हणाले. “कुठला चंद्र, वहिनी?”

“एकच आहे.”

“तसं नाही. कोजागरीच्या चंद्राला आपला ठराव आहे, कायमस्वरूपी. संकष्टीचा लोक आपापल्या खिडकीतून बघतात. हा तिसराच झाला.”

“हा ईदचा. चाचींसाठी.”

“चाचींसाठी कधी नाही म्हटलंय का मी? मागच्या ईदला त्यांच्या शीरखुर्म्याच्या तीन वाट्या खाल्ल्यात. प्रश्न चाचींचा नाही, सदराचा आहे. ‘इतर’ला कमिटी लागते. उद्या प्रत्येक जण आपापला चंद्र घेऊन आला तर मी कुठे जाऊ?”

मी त्यांना उपग्रहांबद्दल काही सांगणार होते. अर्ज ठेवून निघाले.

कमिटीची सभा शनिवारी श्यामकांतांच्याच दिवाणखान्यात झाली. कमिटीत श्यामकांत, कुंदाताई आणि तिसऱ्या मजल्यावरचा अनिरुद्ध असे तिघे आहेत. अनिरुद्ध संगणकाचं काहीतरी घरून करतो, त्यामुळे सभांना नेहमी उपलब्ध असतो. परवानगी तत्त्वतः मिळाली. मग अटी सुरू झाल्या. खुर्ची प्लास्टिकचीच असावी. कठड्याजवळ जाऊ नये. गच्चीवर खाद्यपदार्थ नेऊ नयेत.

“चाचींचा रोजा तिथेच सुटणार,” मी म्हटलं. “सूर्य मावळला की खजूर आणि पाणी लागेल.”

“अट सांडग्यांपासून आहे,” श्यामकांत म्हणाले. “सगळ्यांना सारखी.”

“अहो, खजूर हा खाद्यपदार्थ कुठे झाला?” कुंदाताई म्हणाल्या. “उपासाचा तो.”

श्यामकांतांनी पेन उचललं. ठरावात ‘खजूर व पाणी वगळून’ असे शब्द पडले. त्यानंतर कुंदाताईंनी विचारलं की पाडवा असल्यामुळे श्रीखंड कोणत्या बाजूला धरायचं. तेही वगळण्यात आलं. सभा संपेपर्यंत त्या अटीत फक्त सांडगे उरले.

एवढ्यावर हे प्रकरण थांबायला हरकत नव्हती. पण ठराव सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटावर गेला आणि सल्ले यायला लागले. अनिरुद्धने एक अॅप पाठवलं. त्यात मोबाईल आकाशाकडे धरला की ग्रहांची नावं दिसतात. ते मी माझ्या स्वयंपाकघरात उघडलं. ओट्याखाली शनी होता. कुंदाताईंनी कळवलं की चंद्र नेहमी त्यांच्या बाल्कनीसमोरच्या जांभळावर उगवतो, तिथेच बघावं. कोणीतरी विचारलं, येताना मुलांना आणलं तर चालेल का. श्यामकांतांनी लिहिलं, ‘चालेल, शिस्तीत.’ माझा कार्यक्रम माझ्या हातातून नेमका कधी गेला, ते पुढे मी या संदेशांवरूनच शोधून काढलं.

शनिवारी संध्याकाळी मी पूर्वतयारीला गच्चीवर गेले. आमच्या पश्चिमेला एका जुन्या इमारतीच्या जागी टॉवर उभा राहतो आहे, वरपासून खालपर्यंत हिरव्या जाळीत गुंडाळलेला. दुसऱ्या बाजूला आमचीच पाण्याची टाकी. या दोहोंमध्ये आकाशाची एक उभी पट्टी उरली होती आणि चंद्र त्या पट्टीत येणार होता. मी टेप लावून मापं घेतली, खुर्चीची जागा ठरवली आणि तिथे खडूने फुली मारली. फुलीवर बसून टाकीच्या कडेपासून एक वीत उजवीकडे बघायचं, की चंद्र. इतकं सोपं काम मी नोकरीतही क्वचित केलं असेल.

रविवारी सकाळी गुढ्या उभारल्या. दुपारी चाचींकडे आमचं श्रीखंड गेलं, रोजा सुटल्यावर खाण्यासाठी. सूर्य कलल्यावर माझा नवरा देवदत्त याने गुढी उतरवली. गुढी सूर्यास्ताआधी उतरवायची असते. हे सगळ्यांना माहीत असतं, असं माझं गृहीत होतं.

मग देवदत्तने पक्षी बघायची जुनी दुर्बीण काढली. मधल्या काळात पक्षी सुटले, दुर्बीण राहिली. डोळ्यांना लागणारं तिचं रबर मुंबईच्या हवेने जरा चिकट झालं होतं.

“चालेल ना?” त्याने विचारलं.

“भिंगं चांगली आहेत,” मी म्हटलं. मी भिंगं तपासली होती.

चाचींना चौथ्या मजल्यापर्यंत लिफ्टने आणि पुढे एक जिना खुर्चीतून न्यायचं ठरलं होतं. वळणावर खुर्ची अडकली. चाची उतरल्या, कठडा धरून स्वतः वर चढल्या आणि वरून म्हणाल्या, “खुर्चीला घेऊन या सावकाश. तिला सवय नसेल.”

मी गच्चीवर पोचले आणि उभी राहिले. बहुतेक सगळी सोसायटी तिथे होती. सतरंज्या पसरल्या होत्या. श्रीखंडाचा डबा फिरत होता. आणि माझ्या फुलीच्या जागी सुबक, पाकळ्यापाकळ्यांची, रंग भरलेली रांगोळी होती.

“कोणीतरी सुरू करून अर्धवट टाकली होती गं,” कुंदाताई म्हणाल्या. “सणाच्या दिवशी बरं दिसतं का? मी पुरी केली.”

“ती रांगोळी नव्हती. ती खुर्चीची जागा होती.”

“मग खुर्ची जरा अलीकडे घे. चार बोटांनी चंद्र काय रुसतोय?”

मी म्हणणार होते की रुसतो. पण रांगोळीवर खुर्ची ठेवा असं पाडव्याच्या संध्याकाळी, तिच्या मालकिणीसमोर सांगायला जे धैर्य लागतं ते विज्ञानशाखेत शिकवत नाहीत. खुर्ची अलीकडे ठेवली. चार बोटं नव्हे, दोन फूट.

सूर्य मावळला. मशिदीतून अजान आली. चाचींनी खजूर तोंडात घातला, पाणी प्यायल्या आणि खुर्चीत बसूनच नमाज पढल्या. तेवढा वेळ गच्चीवर कोणी बोललं नाही. कुंदाताईंना इतका वेळ गप्प मी प्रथमच पाहत होते. त्यांनी श्रीखंडाचा चमचासुद्धा आवाज न करता ठेवला.

नमाज झाली. आकाश गुलाबी आणि स्वच्छ होतं. सगळे माझ्याकडे बघू लागले.

मी खुर्चीमागे उभी राहिले, दुर्बीण डोळ्यांवर घट्ट दाबली आणि टाकीच्या कडेपासून एक वीत उजवीकडे पाहिलं. तिथे, हिरव्या जाळीच्या अगदी कडेला, बारीक, वाकडी, चंदेरी रेघ होती. तेजस्वी बाजू सूर्याकडे, खाली. जशी असायला हवी तशी. जिथे असायला हवी तिथे.

“दिसला,” मी म्हटलं.

मी हळूच म्हटलं होतं. पण गच्चीवर टाळ्या झाल्या. शगुफ्ताने लगेच मशिदीपाशी थांबलेल्या इम्तियाजला फोन लावला. “क्षमाकाकूंनी बघितला. हो, स्वतः. काकू नक्की म्हणाल्या म्हणजे नक्कीच.”

मधल्या वेळात दुर्बिणीला रांग लागली.

“व्वा,” श्यामकांत म्हणाले. “अगदी स्पष्ट. डागसुद्धा दिसतात.”

“किती नाजूक,” कुंदाताई म्हणाल्या. “माझ्या जांभळावरचा जाड असतो.”

अनिरुद्धने अॅप उघडून पाहिलं. अॅपच्या मते चंद्र टाकीच्या मागे होता. “अॅप चुकतंय, काकू,” तो म्हणाला.

“तुझ्या अॅपने शनी माझ्या ओट्याखाली दाखवला होता,” मी म्हटलं. हे वाक्य परत घेता आलं असतं तर मी घेतलं असतं.

शगुफ्ताने फोनवर हात ठेवला. “काकू, इम्तियाज विचारतोय, मौलाना म्हणतात, दुर्बिणीतून की डोळ्यांनी? आणि ज्यांनी बघितला त्यांनी स्वतः येऊन सांगायचं, निरोप चालत नाही.”

मला मनापासून बरं वाटलं. प्रत्यक्ष निरीक्षण, निरीक्षक स्वतः हजर, ऐकीव माहिती बाद. आमच्या प्रयोगशाळेत याहून ढिली पद्धत होती. “मी जाते,” मी म्हटलं. श्यामकांत म्हणाले, “सेक्रेटरी म्हणून मीही येतो.” ते शर्टाचं वरचं बटण लावू लागले.

“आधी मला तर बगू दे,” चाची म्हणाल्या.

मी दुर्बीण त्यांच्या डोळ्यांसमोर, जराशी दूर धरली. चाची बराच वेळ बघत राहिल्या.

“क्षमा, चांद हलतोय.”

“हात हलत असेल चाची, माझा.”

“हात नाय हलत. चांद वाकलाय.”

मी दुर्बीण परत घेतली. चंद्र खरोखरच तिरका झाला होता. मी बघत असतानाच तो आणखी कलला, आणि जाळीच्या बाहेर आल्यावर त्याला कडुनिंबाची डहाळी फुटली. मागोमाग साखरेची गाठी आली. मग जरीच्या काठाचं एक हिरवं वस्त्र आलं. टॉवरच्या पलीकडच्या इमारतीच्या गच्चीवरून स्पष्ट आवाज आला, “अरे सावकाश, कलश पडेल.”

काही वेळ गच्चीवर कोणी बोललं नाही. नमाजेच्या वेळची शांतता आणि ही शांतता यांत फरक होता.

“सूर्यास्तानंतर गुढी उतरवतात,” श्यामकांत शेवटी म्हणाले. “ही कुठली पद्धत?” आणि त्यांनी वरचं बटण काढलं.

अनिरुद्ध कठड्यापाशी जाऊन तिकडच्यांशी ओरडून बोलला. ती मंडळी पाडव्याच्या मुहूर्तावर नवीन गाडी आणायला गेली होती आणि रस्त्यात अडकली होती. आम्ही इतकी माणसं त्यांच्या गुढीकडे टक लावून का बघतो आहोत, असं त्यांनी विचारलं. अनिरुद्धने त्यांचं अभिनंदन केलं.

शगुफ्ता फोनवर म्हणत होती, “थांब. मौलानांना सांग, अजून नाही. काय होतं म्हणजे? तांब्या होता. तांब्या. नंतर सांगते.”

मी टाकीच्या मागच्या बाजूला जाऊन उभी राहिले. तिथे पाण्याच्या पाइपांखेरीज काही नाही, पण मला पाइप बघायचे होते. उपकरण जागेवरून हललं की ते पुन्हा तपासल्याशिवाय त्याचं मोजमाप धरायचं नाही, हे मी नोकरीभर लोकांना लिहून देत आले. खुर्ची दोन फूट हलली आणि मी वीत तीच धरली. जिथे बघायला हवं तिथे बघितलंच नाही. जिथे बघितलं तिथे जे हवं होतं ते दिसलं.

देवदत्त मागे आला. “अगं, जाळीच्या कडेला इतकं बारीक काय दिसणार दुसरं? मलाही चंद्रच वाटला.”

“तू दाखला देत नव्हतास,” मी म्हटलं.

“नव्हतो. पण म्हातारी बसलीय ना तिथे.”

ते खरं होतं. उजेड उतरत होता. सतरंज्या गोळा व्हायला लागल्या होत्या. चाची खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या आणि शगुफ्ता त्यांना सांगत होती की इम्तियाज येताना फोटो आणेलच.

“आनू दे,” चाची म्हणाल्या. “फोटो काय, चांगलाच असतो.”

मी कुंदाताईंसमोर जाऊन उभी राहिले.

“खुर्ची रांगोळीवर ठेवावी लागेल,” मी म्हटलं.

कुंदाताईंनी माझ्याकडे पाहिलं, मग रांगोळीकडे, मग पुन्हा माझ्याकडे, आणि काही कारणाने ओठ दाबून धरले. “मग सांगायचं ना मघाशी,” त्या म्हणाल्या. “रांगोळी काय, पुसायलाच काढतात. अनिरुद्ध, उचल रे खुर्ची.”

चाची उठल्या, रांगोळीच्या कडेने तिला शक्य तितकं वाचवत चालत गेल्या, आणि फुलीवर बसल्या. मी दुर्बीण पुढे केली. त्यांनी ती बाजूला सारली.

“कुठं बगू?”

“टाकीच्या कडेपासून एक वीत उजवीकडे,” मी म्हटलं. या वेळी ‘नक्की’ म्हटलं नाही.

चाचींनी हात लांब करून हवेत वीत मोजली. मग हात तसाच राहिला.

तो तिथे होता. मला तो चाचींच्या करंगळीच्या टोकाशी दिसला. बारीक, शांत, आणि कडुनिंबाशिवाय. माझं गणित अर्ध्या बोटानेही चुकलेलं नव्हतं. ही गोष्ट कोणाच्याही लक्षात आली नाही, आणि ती लक्षात आणून देण्याची वेळ नव्हती. इथे नोंदवते आहे.

चाचींनी दोन्ही हात पुढे धरले. ओठ हलले. डोळ्यांतून पाणी आलं, पण त्यांनी ते पुसलं नाही. चंद्राला मध्ये काही आलेलं चालणार नव्हतं. मग त्यांनी हात तोंडावरून फिरवले आणि मान वळवली.

शगुफ्ता दुपट्टा सारखा करून पुढे झाली होती. आपल्याच तोंडाकडे बघतील, असं तिला वाटलं होतं, आणि तिचा तो हक्क होता. पण चाची माझ्याकडे वळल्या. माझ्या तोंडाकडे त्यांनी आधी प्रेमाने बघितलं, मग निरखून बघितलं, आणि मग त्या हसायला लागल्या. खुर्ची हलेपर्यंत हसल्या.

“गं क्षमा,” त्या म्हणाल्या, “तुला काय गरहन लागलंय?”

मी शगुफ्ताकडे पाहिलं. शगुफ्ता आकाशाकडे बघत होती. सगळी सोसायटी आकाशाकडे बघत होती. मी बोट लावून पाहिलं. दुर्बिणीचं रबर माझ्या दोन्ही डोळ्यांभोवती बसलं होतं. दोन गोल, काळी, जाड वर्तुळं. ज्यांनी दुर्बीण हलकी धरली त्यांना काही झालं नव्हतं. मी व्यवस्थित, घट्ट दाबली होती.

“मी मघाशी सांगणार होतो,” देवदत्त म्हणाला, “पण तू पाइप बघत होतीस.”

खाली रस्त्यावर फटाके वाजले. इम्तियाजचा फोन आला. मशिदीतही जाहीर झालं होतं, उद्या ईद. कुंदाताईंनी शगुफ्ताला मिठी मारली. श्यामकांत अनिरुद्धला सांगत होते की पुढच्या सभेत चौथं सदर घालून टाकू, आणि तो विचारत होता की त्या सदराला नाव काय द्यायचं.

मी पदर घेऊन डोळ्यांभोवती पुसायला लागले. चाचींनी माझा हात धरला.

“पुसू नको. थांब जरा,” त्या म्हणाल्या. “नीट बगू दे. वरीस जायचंय माजं यावर.”

मोजमाप घेतलं जात असताना हलायचं नसतं. मी हलले नाही.